अर्धा तास थांबा

ऐका हो ऐका! कुपवाड रस्त्यावरचे तमाम मिठाईवाले, बेकरीवाले, वडेवाले आणि खानावळवाले यांना कळविण्यात येते की, आजपासून कुणीही आपल्या दुकानातला शिळा माल गटारात, उकिरड्यावर अथवा डुकरांपुढे टाकू नये. रोज दुपारी चार वाजता त्या मालाची रीतसर तपासणी होईल. तपासणी अधिकारी बाबागाडी घेऊन येतील. हुकुमावरून!

ही दवंडी मी माझ्याच मिठाईच्या दुकानात, स्टुलावर उभं राहून, झाऱ्याने परात बडवत दिली होती. गिऱ्हाइकं हसली. तपासणी अधिकारी दारात उभ्या होत्या. पासष्टीच्या पुढच्या, काटकुळ्या, पायात रबरी चपला. त्यांनी माझं नाटक शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "झालं का? आता खाली उतर आन् सांग, कवाचं हाय?"

आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. आणि 'कवाचं हाय' हा आक्कांचा पहिला प्रश्न असायचा. नमस्कार नाही, हवापाणी नाही. बाबागाडीत बाळाच्या जागी ॲल्युमिनियमचे तीन डबे. रस्त्यावरची नवी माणसं कौतुकानं आत वाकून बघायची आणि डबे बघून दचकायची. "झोपलंय," आक्का गंभीरपणे सांगायच्या.

पाव, खारी, उरलेले वडे, खानावळीतला भात, असं सगळं गोळा करत त्या बंद पडलेल्या ओतकामाच्या फौंड्रीच्या फाटकापर्यंत जायच्या. तिथं एक दगडी कट्टा आहे. कट्ट्याभोवती वीस-पंचवीस माणसं ताटल्या घेऊन बसलेली असायची. फौंड्री बंद झाल्यावर कुठंच न लागलेली, घरात नकोशी झालेली, काही नुसतीच म्हातारी. त्यांच्यासमोर आक्का प्रत्येक डब्यातला एकेक घास स्वतः खायच्या. मग गजराचं घड्याळ कट्ट्यावर ठेवायच्या, पदर आवरून बसायच्या आणि म्हणायच्या, "अर्धा तास थांबा. मी बसलेय न्हवं."

अर्धा तास! भुकेल्या माणसांपुढे भरलेला डबा ठेवून अर्धा तास! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारीला अधिकार गाजवायची हौस आहे. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

"आक्का, ही शिक्षा का म्हणून?" मी विचारलं.

"साळंतला नियम हाय. सैपाक करणारनीनं आदी खायाचं, मग अर्ध्या तासानं पोरांस्नी वाढायचं."

उंब्रजच्या बाजूला एका वाडीतल्या शाळेत त्यांनी बारा-तेरा वर्षं पोषण आहाराची खिचडी केली होती. नियम मला पटला. मी म्हणालो, मग काय, सगळीकडे असंच करतात. त्यावर आक्का घड्याळाला किल्ली देत म्हणाल्या, "न्हाई. बाकीच्या साळंत चमचाभर खात्यात आन् वहीत सही करत्यात. मी ताट घिऊन व्हरांड्यात बसायची. समद्या गावाला दिसंल आशी. आमच्या हातचं नगं म्हून चार घरची पोरं घरनं डबा आणायची. त्यांच्या आया कुंपणापाशी उभ्या ऱ्हाऊन बघायच्या, मला काय हुतंय का."

"मग?"

"मग काय? काय झालं न्हाई मला. दोन वर्सांनी पोरं जेवाय लागली. पन माझी बसायची सवं ऱ्हायली."

एवढं बोलून त्यांनी किल्ली फिरवणं थांबवलं.

एकदा मी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. भट्टीतून नुकतेच उतरलेले डझनभर पॅटिस मुद्दाम गार केले, कागदात गुंडाळले आणि तोंड पाडून म्हणालो, "कालचे आहेत, आक्का. न्या." आक्कांनी एक मोडलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि डोळे उघडताना माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागं सरकलो.

"सकाळचं हाय हे."

"असू दे की. लोकांना ताजं मिळेल."

"दान करतोयस व्हय? मंग देवळाम्होरं जा. मी टाकायचं झालेलं न्याया येती. आन् खोटं का बोललास?"

"गंमत केली हो."

"माझ्यासंगं आसली गंमत करू नगंस. माझ्या मागं पंचवीस तोंडं हायती. शिळं चालतंय मला. किती शिळं ते खरं सांगायचं. पाव दोन दिसाचा आसला तर भाजून दीन. भात सकाळचा आसला तर फोडणी दीन. पन तू सांगशील त्यावर मी चालती, गड्या."

पॅटिस त्यांनी नेले नाहीत. मी ती गोष्ट पुढं महिनाभर नकलेसकट गिऱ्हाइकांना ऐकवली. आक्कांचं ते डोळे मिटणं मी हुबेहूब करायचो. आता करत नाही.

मे महिना होता. लग्नसराई. आदल्या रात्रीपासून वीज गेलेली, ती दुपारपर्यंत आली नव्हती. फ्रिजमधला खव्याचा माल मी सकाळी काढून टाकायला बाजूला ठेवला होता. त्यात कलाकंदाचा एक ट्रे. टाकायचा, टाकायचा म्हणत तो आतल्या टेबलावरच राहिला. चार वाजता दुकान खच्चून भरलेलं. साखरपुड्याचे पेढे न्यायला एक मोठं कुटुंब आलेलं. त्यातल्या एक बाई प्रत्येक पेढा बोटानं दाबून बघत होत्या. कामाच्या माणसानं आक्कांच्या डब्यात पाव भरले आणि आतला तो ट्रेही आणून ओतला.

दारातून आक्कांचा खणखणीत आवाज आला, "मालक, कलाकंद कवाचा हाय?"

सगळं दुकान माझ्याकडे वळलं. पेढा दाबणाऱ्या बाईंचं बोट पेढ्यातच राहिलं.

तुम्ही कधी दुकान चालवलंय? मग तुम्हाला कळेल. मी उत्तर आक्कांना दिलंच नाही. मी ते त्या बाईंना दिलं. चांगला छाती भरून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात: "सकाळचा, आक्का! अगदी सकाळचा, चुरा झाला म्हणून काढला! आपल्याकडे कालचं काही नसतंच!"

आक्कांनी मान डोलावली आणि गाडी ढकलली.

दोन मिनिटांत मागं जाऊन सांगू, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण पेढ्यांचे खोके बांधायचे होते. मग त्यांना आणखी बर्फी हवी झाली. मी दोऱ्या बांधत होतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. अर्धा तास आहे ना, म्हणत होतो. आक्कांचा अर्धा तास मी गृहीत धरला होता.

फौंड्रीच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा माणसं उभी राहिली होती. आक्का कट्ट्यावर नव्हत्या. कलाकंदाचा डबा जमिनीवर ठेवून त्या त्याच्या झाकणावर बसल्या होत्या. दोन्ही हातांनी डब्याच्या कडा धरलेल्या. अंगाला घाम, लुगड्याचा पुढचा भाग ओकारीनं भरलेला. कुणी उठवायला गेलं की त्या मान हलवत होत्या.

"आक्का, उठा. दवाखान्यात जाऊ."

"आदी ह्यो डबा उचल," त्या म्हणाल्या. "माझ्याम्होरं वत. गटारात."

मी ओतला. त्यांनी तळ बघितला. मगच हात सोडले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी तोंड उघडलं. आक्का माझ्याआधी बोलल्या. "घरचं वरान. रातचं हुतं."

डॉक्टर गेल्यावर मी म्हणालो, "आक्का, कलाकंद कालचा होता. वीज गेली होती. मला माहीत होतं."

"मला बी कळलं. घास गिळल्यावर." त्यांनी सलाइनची नळी अंगावरून बाजूला केली. "लय कडक आवाजात बोललास. तवाच कळाय पायजे हुतं."

"मी डॉक्टरांना खरं सांगतो."

"गप ऱ्हा. तू सांगितलंस का चौकशी लागंल. मंग कुटला दुकानदार मला दारात उभं करंल? समदी गटारात टाकतील. परवा कट्ट्यावर काय न्हिऊ मी?"

परवा. त्यांचा परवाचा बेत चालला होता. आयुष्यभर इतरांकडे खरं मागणाऱ्या बाईनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. माझ्यासाठी नव्हेच म्हणा, त्या पंचवीस ताटल्यांसाठी. तिसऱ्या दिवशी पहाटे आक्का गेल्या. वय, जुना साखरेचा आजार, अंगातलं पाणी संपलेलं, असं डॉक्टर म्हणाले. तेही मी ऐकून घेतलं.

उंब्रजकडून त्यांचा एक पुतण्या आला होता. बुद्धवंदना झाली, चार माणसं बोलली. कुणीतरी म्हणालं, रातच्या वरणानं घात केला. मी खाली बघत उभा होतो.

बाबागाडी आठ दिवस माझ्या दुकानाच्या पायरीशी पडून होती. नवव्या दिवशी मी डबे घासले. माझ्याकडचे कालचे पाव भरले, शेजारच्या खानावळीतला सकाळचा भात घेतला, आणि चार वाजता गाडी ढकलत निघालो. एका माणसानं आत वाकून बघितलं. झोपलंय, असं माझ्या तोंडून निघालं नाही.

कट्ट्यापाशी माणसं बसलेली होती. आठ दिवस ती रोज येत होती, म्हणे. मी घड्याळाला किल्ली दिली. पाव मोडला, एक तुकडा तोंडात घातला. भाताचा घास घेतला. पाठ ताठ करून, पदर नसताना पदर आवरल्यासारखा हात फिरवून, मी कट्ट्यावर बसलो आणि म्हणालो, "अर्धा तास थांबा. मी बसलोय."

कुणी हसलं नाही. घड्याळ टिकटिकत होतं. पुढच्या ओळीत फौंड्रीतला जुना कामगार बसला होता, भट्टीच्या धगीनं भुवया कायमच्या गेलेला. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं, म्हणून तो मोठ्यानं बोलून गेला:

"आवं मालक, तुमी कशाला चाखून बघताय? कवाचं हाय ते तुमास्नी म्हाईतच आसतंय की!"