कंबरभर पाणी

१२ एप्रिल. आकाश कोरडं ठणठणीत, पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन.

आता कुठल्या तोंडाने सांगू, अशा उन्हात मी स्वतःचं घर पाण्यात घातलं ते!

काल्हेरला आमची गल्ली खाडीजवळ. पावसाळ्यात पाणी शिरतं, मग तलाठी पंचनाम्याला येतात. घोट्याएवढं पाणी असलं की आम्ही गुडघाभर सांगतो, कारण तलाठी निम्मं धरतात. वर्षानुवर्षं हिशेब असाच जुळतो. यात काय खोटं, सांगा?

त्या दुपारी एक मुलगी टॅब घेऊन दारात आली. "काका, पाणी कुठवर येतं?"

शेजारचे हिराजीदादा धावलेच. "कंबरभर बोल! मागच्या टायमाला गुडघा बोललास, कायच न्हाय भेटला!"

"कंबरभर," मी म्हणालो.

"आमची म्हैस पव्हत गेली, मॅडम!" दादा.

"आमची पण!" मी.

आतून बायको ओरडली, "अहो, आपल्याकडे म्हैस कधी होती?"

मी विटेच्या तुकड्याने भिंतीवर रेघ ओढली. मुलगी म्हणाली, "बोट ठेवा, फोटो काढते." ठेवलं. वर हसलोसुद्धा!

"मदत कधी येईल?"

"मदत नाही काका. पुढे पूर कुठवर येईल, त्याचा सरकार नकाशा काढतंय. त्यावरून बांधकामाचे नियम ठरणार."

मी रेघ पुसायला हात उचलला. वरच्या मजल्याच्या परवानगीसाठी मी अर्ज केलेला. मुलाचं लग्न ठरलेलं, आणि मुलीकडच्यांची अट एकच: जोडप्याला वेगळी खोली.

तेवढ्यात दादांनी कोपर मारलं. "गप ऱ्हा! नकाशात आलो का खाडीला भिंत बांधतील." आणि मी गप्प राहिलो. का? देव जाणे!

नकाशा आला. आमची गल्ली लाल, म्हणजे नवं बांधकाम बंद. मी धावत कचेरीत गेलो.

"साहेब, पाणी घोट्यापर्यंतच येतं हो!"

साहेबांनी स्क्रीन फिरवली. "मग हे कोण?"

"मीच. पण साहेब, तलाठी निम्मं धरतात!"

"कॉम्प्युटर धरत नाही."

"मग येऊन मोजा ना!"

"नकाशा मंजूर झालाय. आणि काका, तुमची म्हैससुद्धा नोंदली आहे."

खाडीला भिंत झाली नाही. अर्ज नामंजूर झाला. लग्न ठरल्या दिवशी झालं. मुलगा ठाण्याला सासऱ्यांच्या घरी राहतो.