दगडूच्या होडीचे चार पाय

एकोणीसशे त्रेपन्न साली आमच्या ठाण्याच्या शाळेत मासे ठेवायची काचेची पेटी आली आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. एका माजी विद्यार्थ्यानं ती भेट दिली होती. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हेडमास्तर म्हणाले, "विज्ञानाचे शिक्षक तुम्ही, तेव्हा पेटी तुमची." मी ती वर्गातल्या टेबलावर ठेवून शिपायाकडून पाणी भरून घेतलं. पेटी निम्मी भरली नाही तोच टेबल कण्हायला लागलं. मग मी खडू घेऊन फळ्यावर हिशेब केला. भरलेल्या पेटीत पाच मण पाणी! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पाणी बादल्यांनी उपसताना मुलं खिदळत होती, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

हेडमास्तरांनी फर्मावलं, "नवं लाकूड मिळणार नाही. जुन्यातून मजबूत स्टँड करून घ्या." आमचा शिपाई मारुती खाडीकाठच्या बाळकुम गावचा. तो म्हणाला, "आमच्या गावच्या दगडूला सांगा. पन्नास पन्नास मण रेती वाहणाऱ्या होड्या त्याच्या हातच्या हायत. तुमच्या पाच मणाचं काय घेऊन बसलात!"

रविवारी सायकल हाणत मी बाळकुमला गेलो. दगडू साठीचा, बुटका, काळा, आणि एक कान कायम पुढे केलेला. तो बहिरा असावा असं मला वाटलं. पण तसं नव्हतं. लाकडावर बोटाचं पेर वाजवून आत काय आहे ते ऐकायची त्याला चाळीस वर्षांची सवय होती, आणि माणसाचं बोलणंही तो तसाच कान लावून ऐकायचा. फूटपट्टी त्याच्याकडे नव्हतीच. गाठी मारलेली एक सुतळी होती, तिच्यावर त्याचं सगळं गणित.

घराच्या मागे, गवती छपराखाली, एक होडी पालथी घातलेली होती. ती त्याची स्वतःची. होडीला तो 'होरी' म्हणे. रेती न्यायला ट्रक आले, खाडीतलं काम सुटलं, आणि ही तीन वर्षं अशी पडून होती. तळाला कीड लागली होती. पण बाजूच्या सागाच्या फळ्या आणि आतल्या वाकड्या फासळ्या शाबूत होत्या, कारण दर दिवाळीला दगडू तिला माशाचं तेल चोळायचा. पुढच्या टोकाशी, ज्याला ते लोक नाळ म्हणतात तिथे, पिवळ्या रंगात अक्षरं होती – हौसा. हे त्याच्या बायकोचं नाव. हौसाबाई दारातच बसून ओल्या काटक्या फुंकत होती, धुरानं डोळे लाल झालेले. मी सहज म्हटलं, "एवढं लाकूड दारात आहे आणि तुम्ही काटक्या जाळताय?"

तिनं फुंकणं थांबवलं. "आमच्यात होरीचं लाकूर चुलीत घालीत नाय," ती म्हणाली.

पण घरात या होडीवरून दोन मतं होती. त्यांचा मुलगा तानाजी गिरणीत लागला होता. त्याला त्या जागेवर एक खोली काढायची होती, आणि होडी न्यायला त्यानं वखारवाल्याला होळीनंतरचं सांगूनही ठेवलं होतं. वखार म्हणजे जळण. तानाजी काही दुष्ट नव्हता. लग्न ठरलेल्या पोरानं खोली मागू नये तर काय मागावं? दगडू मात्र सगळ्यांना सांगत होता की पुढच्या दिवाळीला तो तळ बदलणार आणि होरी परत खाडीत घालणार. त्याचे हात आता थरथरायचे, हे त्याच्याखेरीज गावात सगळ्यांना दिसत होतं.

या फळ्यांचं स्टँड करून द्याल का, असं मी विचारलं तेव्हा तो सुतळीच्या गाठी चाचपत बसला. मग म्हणाला, "देतो. पन मास्तर, एक बोली हाय. मी तळ बसवला की माज्या फल्या मना परत."

"हो हो, परत," मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला! मला स्टँड हवं होतं, आणि म्हाताऱ्याची दिवाळी काही उजाडत नाही हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. त्या 'हो हो'ची लाज मला आजही वाटते.

तीन आठवडे त्यानं काम केलं. मी दोनदा पाहायला गेलो. फळी सोडवताना तो खिळे उपटायचा नाही, मागून हळूहळू ठोकून बाहेर आणायचा आणि सरळ करून डब्यात ठेवायचा. फासळ्यांचे चार पाय केले. त्यांच्या टोकाला चौकोनी कुसू, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या जिभा, काढले आणि आडव्या फळ्यांच्या खाचांत बसवले. हात थरथरायचा, पण पटाशीवर लाकडी मोगरी पडली की थरथर कुठच्या कुठे जायची.

दगडू आणि हौसाबाईसकट स्टँड बैलगाडीतून शाळेत आलं. हौसाबाई का आली हे मी विचारलं नाही. फडक्यात भाकरी आणि सुकट बांधून ती वर्गाच्या दाराशी बसली. शाळेचा उंबरा ती जन्मात पहिल्यांदा पाहत होती. पेटी वर चढवली, बादल्या ओतायला सुरुवात झाली, आणि चार बोटं पाणी चढलं नाही तोच स्टँड डुलायला लागलं. मोडत नव्हतं, तुटत नव्हतं, पण खाडीत उभं असल्यासारखं इकडून तिकडे झुलत होतं. काचेतलं पाणी हिंदकळून माझ्या धोतरावर आलं.

"थांबवा!" हेडमास्तर ओरडले. त्यांनी एका पायाला हात लावला, तर कुसू खाचेत खुळखुळत होता. "अहो, हे काय सुतारकाम झालं? सांधे सगळे ढिले!"

दगडू गोंधळून गेला. "ढिलेच ठेवतात साहेब," तो म्हणाला. "पानी प्यालं की लाकूर फुगतं. मंग सांधा असा धरतो, का केस जायाचा नाय. गच्च बसवला तर फुगल्यावर फाटंल."

"अहो, पण हे पाणी पिणार कधी? पाणी पेटीत आहे, स्टँड कोरड्यात!"

 चाळीस वर्षांत त्या माणसानं कोरड्यात उभी राहायची एक वस्तू केली नव्हती. घरांची दारं-चौकटी दुसरे सुतार करत, हा फक्त होड्या करी. त्याच्या लेखी लाकूड म्हणजे पाण्यात जाणारी वस्तू. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला भडभडून आलं.

हेडमास्तर कडक होते, पण अन्यायी नव्हते. म्हणाले, "आजच्या आज पाचरी मारून घट्ट होत असेल तर ठेवू. नाहीतर घेऊन जा." घेऊन जा म्हणजे कुठे, ते मला, दगडूला आणि हौसाबाईला कळलं. वखारवाला परवाच येणार होता.

मी म्हटलं, "दगडू, मारा की पाचरी. काय अडचण आहे?"

"पाचर मारली, का यो लाकूर पान्याचा ऱ्हात नाय, मास्तर," तो हळूच म्हणाला. "पाचरीचा सांधा पान्यात फुगला का फाटतो. मंग या फल्या परत होरीला लागायच्या नायत." आणि मग लहान मुलासारखं माझ्याकडे पाहत म्हणाला, "तुमी परत देनार बोललेव."

मी धोतराचा ओला सोगा पिळत राहिलो.  दगडू खाली बसला. गुडघ्यावर मोगरी आडवी धरून त्या पायांकडे पाहत राहिला. शेवटी त्यानं दाराकडे मान वळवली. "हौसे, काय करू?"

हौसाबाई उठली. आत येऊन तिनं पिवळ्या अक्षरांच्या फळीवर हात ठेवला. दगडूनं ती फळी मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून लावली होती. "तू म्हातारा जालास, मी म्हातारी जाले," ती म्हणाली. "हीच काय तेवरी तरनी ऱ्हानार हाय? चुलीपरीस बरी. मार."

त्यानं बाभळीच्या आठ पाचरी तासल्या. एकेक कुसू टोकाशी चिरून त्यात पाचर बसवली आणि ठोकली. पहिल्या दोन घावांना त्याचा हात चुकला, नंतर एकही नाही. आठवी पाचर गच्च बसली तसा तो पायाला कान लावून वाकला. आम्ही पेटी काठोकाठ भरली. पाच मण. तो ऐकत राहिला, पण लाकडातून साधी करकरही आली नाही. "बोलत नाय," तो म्हणाला आणि फडक्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. ती दोघं निघायच्या आधी मी आणि मारुतीनं पेटी रिकामी करून स्टँड फिरवलं, नावाची फळी वर्गाकडे केली, आणि पुन्हा बादल्या वाहिल्या. या वेळी मी कुरकुर केली नाही.

तानाजीची खोली झाली, लग्नही झालं. श्रावणात नारळी पौर्णिमा आली. शाळेला सुट्टी होती, पण माशांना खायला घालायला मी गेलो होतो. सगळं बाळकुम त्या दिवशी होड्या सजवून खाडीकडे जातं. हे दोघं गावाकडे पाठ करून माझ्या वर्गात येऊन उभे राहिले, हातात नारळ आणि कुंकवाची पुडी. हौसाबाईनं पिवळ्या नावाला कुंकू लावलं. दगडूनं नारळ पायरीवर फोडला आणि पाणी चारी पायांवर शिंपडलं. मग होडी चालत होती तेव्हा पूजा झाली की दरसाल करायचा तसं, सवयीनं, त्यानं दोन्ही तळवे फळीला लावले आणि होडी पाण्यात लोटावी तसा सगळा जोर लावला.

स्टँड तसूभर सरकलं नाही. वरचं पाणीसुद्धा हललं नाही.

तळवे तसेच ठेवून तो माझ्याकडे वळला. "हलत नाय, मास्तर," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू होतं आणि डोळे भरून आले होते.

हौसाबाईनं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि त्याला म्हणाली, "चल आता, घरी जाऊ."