टायडेनचे रविवार, लायलचे बुधवार

डेल्मर ह्रुस्काचा विश्वास फक्त पेन्सिलीने लिहून ठेवलेल्या गोष्टीवर. उरलेल्या जगाकडे तो डावा डोळा बारीक करूनच बघायचा. चर्चच्या सोडतीत पाद्र्याच्या मेहुणीला हॅमचं बक्षीस लागलं, की हा चिठ्ठ्यांचा डबा मागून घ्यायचा. बायकोने पत्त्यांत सलग दोन डाव मारले, की गड्डी मोजायचा.

"सत्तेचाळीस वर्षं संसार केला तुझ्याशी," रोझाली म्हणायची, "आणि अजून माझ्या बाहीत एक्का शोधतोस."

"सापडला नाही म्हणून नसतोच असं नाही."

असा माणूस होल्म्सबर्गच्या बेसबॉल संघाला स्कोअरर म्हणून लाभला. चव्वेचाळीस उन्हाळे तो जाळीमागच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसला. चेंडू हातातून निसटला, तर ती बॅटवाल्याची कमाई की पकडणाऱ्याची चूक, हे ठरवायचा हक्क त्याचा. सख्ख्या भावाच्या नावावर त्याने एका हंगामात नऊ चुका मांडल्या. भाऊ पुढची दोन वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला आला नाही. डेल्मरचं म्हणणं एवढंच, की चुका दहा होत्या, एक आपण पोटात घातली.

त्या मार्चमध्ये क्लबच्या भिंतीवर व्हर्न टायडेनची पाटी लावायची टूम निघाली.

भिंतीवर गावाच्या मोठ्या खेळाडूंच्या पितळी पाट्या होत्या आणि व्हर्नचीच नव्हती. संघाला राज्याचं अजिंक्यपद दोनदा मिळवून देणारा कोच तो. पण अठ्ठ्याहत्तर साली लीगने त्याला जन्मभरासाठी बाहेर काढलं होतं, कारण तो स्वतःच्या संघावर पैजा लावायचा. व्हर्नने ते नाकारलं नाही. "लावल्या, पण जिंकण्यावर लावल्या. हरण्यावर कधी नाही," एवढंच म्हणाला, आणि गावाने ते वाक्य चाळीस वर्षं प्रार्थनेसारखं पाठ म्हटलं. आता व्हर्न चौऱ्याऐंशीचा झाला होता, वृद्धाश्रमात होता, आणि हंगामाचा पहिला सामना त्याला दिसेल अशी खात्री डॉक्टर देत नव्हते.

समितीत पाच जण. मत द्यायची रीत जुनी: प्रत्येकाला मक्याचे दोन दाणे, एक पांढरा, एक लाल. पांढरा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. चेंडू पकडायच्या एका जुन्या चामडी ग्लोव्हात मूठ घालून एक दाणा सोडायचा, दुसरा खिशात. चार पांढरे पडले तरच पाटी. तिघं तर आधीपासूनच पाटीवर काय कोरायचं ते ठरवत बसले होते. चौथा लायल क्वेड, बियाणं विकणारा, आणि व्हर्नसाठी दारोदार फिरणारा तोच. पाचवा डेल्मर.

इथेच डेल्मरचा डावा डोळा बारीक झाला.

कारण लायल हा व्हर्नचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. विसाव्या वर्षी त्याच्या डाव्या हाताची फेक बघायला शेजारच्या तीन परगण्यांतून लोक यायचे. अठ्ठ्याहत्तरच्या त्याच हंगामाच्या शेवटी तो हात गेला. अजून खांद्याच्या वर जात नव्हता. भांग उजव्या हाताने पाडायचा.

"ज्याचा हात गेला तोच पाटी मागतोय," डेल्मर रोझालीला म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"माणसाला माणूस आवडतो, डेल्मर. तुला ठाऊक नाही, पण होतं असं कधीकधी."

डेल्मर तळघरात गेला आणि अठ्ठ्याहत्तरच्या दोन वह्या वर घेऊन आला. लीगच्या जुन्या पत्रात पैजांच्या तारखा होत्या. नऊ तारखा, नऊही रविवार. त्याने एकेका तारखेपुढे वहीचं पान उघडलं.

रविवारी व्हर्नने संघाला वाघासारखं खेळवलं होतं. बेसवर, म्हणजे धावेच्या मधल्या टप्प्यावर, उभा असलेला खेळाडू पुढे सरकावा म्हणून चांगल्या बॅटवाल्यालाही बंट करायला लावायचा, म्हणजे बॅट नुसती धरून चेंडू पायाशी पाडायचा आणि स्वतः बाद व्हायचं. फेक सुटताच पळत पुढचा बेस चोरायला लावायचा. आणि लायलला पूर्ण नऊ डाव फेकायला लावायचा. डेल्मर फेकी मोजत असे; शंभराच्या वर गेल्या की हाताची नासाडी. एकशे अडतीस. एकशे एक्केचाळीस. एकशे पंचावन्न.

मग त्याने प्रत्येक रविवारच्या आधीचा बुधवार काढला. बुधवारी पैज नव्हती. बुधवारी लायल बाकावर, फेकायला कोणीतरी कच्चा. आठव्या डावात एकाच धावेने मागे, दुसऱ्या बेसवर माणूस उभा, तरी बंट नाही, चोरी नाही, बदल नाही. लायलला उठवलंसुद्धा नाही. नऊपैकी सात बुधवार संघ हरला होता.

व्हर्न हरण्यावर पैज लावत नव्हता हे खरंच होतं. तो फक्त बुधवारी जिंकायला येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी डेल्मर वह्या काखोटीला मारून लायलच्या दुकानात गेला आणि त्या काउंटरवर उघडून ठेवल्या. लायलने चष्मा लावला. बराच वेळ पानं उलटली.

"बुधवारी तो मला आराम द्यायचा," लायल म्हणाला. "म्हणायचा, पोरा, या हाताची काळजी मला तुझ्या आईपेक्षा जास्त आहे. बर्फ स्वतः आणून लावायचा. माझा बाप मेल्यावर तसं कोणी केलं नव्हतं मला."

"हं."

"हं काय?"

"काही नाही. तारखा बघ."

"बघितल्या." लायलने वही मिटली. "तू ना डेल्मर, स्वर्गाच्या दारात उभा राहशील आणि सेंट पीटरकडे ओळखपत्र मागशील. जा आता, मला गिऱ्हाइकं आहेत."

दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. डेल्मरने वह्या उचलल्या. आपण बरोबर होतो, हे त्याला घरी जाईपर्यंत पटत राहिलं.

मतदानाच्या संध्याकाळी त्याने लाल दाणा टाकला. आपला एकच लाल पडणार, चार पांढऱ्यांनी पाटी लागणार, हे त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरंही वाटत होतं. वहीला जागायचं ते जागलो, म्हाताऱ्यालाही पाटी मिळाली, असा दुहेरी हिशेब.

समितीच्या अध्यक्षबाईंनी ग्लोव्ह उपडा केला. तीन पांढरे, दोन लाल.

एक जण म्हणाला, "एक तर डेल्मरचा, ते कुत्र्यालाही कळेल. दुसरा कुणाचा?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. डेल्मर आयुष्यभर असं बघत आला होता. आज त्याने नजर टेबलावरून उचलली नाही.

बाहेर लायल गाडीपाशी थांबला होता. "उद्या कोचना सांगायला जायचंय," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. गाडी तू चालव."

वृद्धाश्रमात व्हर्न खिडकीपाशी खुर्चीत होता, गुडघ्यांवर घोंगडी. त्याने दोघांचे चेहरे वाचले. कोच होता तो, पिचरचा चेहरा वाचणं हाच त्याचा धंदा.

"किती लाल?"

"दोन," डेल्मर म्हणाला.

"एक तुझा. तू मला चर्चमध्येसुद्धा चूक दिली असतीस. दुसरा कुठल्या हरामखोराचा?"

"माझा, कोच," लायल म्हणाला.

व्हर्नने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्याकडे. "रविवारचा राग धरलास तर. बरोबर आहे. फार फेकायला लावलं तुला."

"रविवारचं काही नाही. रविवारी मीच म्हणायचो, अजून एक डाव टाकतो म्हणून. फेकायला आवडायचं मला." लायलने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बुधवारचं विचारायचं होतं. तुम्ही बर्फ लावायचात. तो मला, की पुढच्या रविवारला?"

व्हर्नने तोंड उघडलं. डेल्मर त्याच्याकडे टक लावून बघत होता. म्हातारा खोटं बोलला तर आपल्याला कळेल, आणि कळलं तरी या वेळी आपण गप्प बसू, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"दोन्ही," व्हर्न म्हणाला. मग म्हणाला, "सुरुवातीला तुला."

लायलने मान हलवली. मग उठून म्हाताऱ्याची घसरलेली घोंगडी उजव्या हाताने वर ओढली, आणि पुन्हा बसला.