डब्याच्या बुडावरची तारीख

मैत्रेयी आणि ओम,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांना तर नाहीच. मागच्या रविवारी मैत्रेयी फोनवर म्हणाली, की मार्गारिनची तारीख उलटून चार दिवस झाले म्हणून अख्खा डबा फेकून दिला — आणि मला हसू आलं. का हसतेस म्हणून तिने दोनदा विचारलं. मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की पन्नास वर्षं मी नेमकी इथेच येऊन विषय बदलते. म्हणून आता लिहिते.

आधी एक स्पष्ट करते. तारीख उलटलेलं मार्गारिन मी वापरलं, तेही चार दिवस नव्हे, आठ महिने उलटलेलं. त्याची मला खंत नाही. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वापरीन.

मार्गारिनचा, म्हणजे तेलापासून केलेल्या लोण्याचा, तो डबा माझ्या भावाने मुंबईहून पाठवला होता. परदेशी, पिवळा, वर गाईचं नव्हे तर फुलाचं चित्र. जळगावात आमच्या गल्लीत तसा डबा कुणी पाहिला नव्हता, म्हणून मला तो फोडवेना. काहीतरी मोठं निमित्त येऊ दे, म्हणून कपाटात ठेवला. त्या वर्षी वनस्पती तूप मिळेनासं झालं. आणि नेमकं तेव्हाच शिंदखेड्याहून पाहुणे तुमच्या बाबांच्या सुमनआत्याला बघायला येणार असं ठरलं. घरात सगळे चिंतेत. मी पुढे होऊन म्हटलं, नानकटाई मी करते, तूप आहे माझ्याकडे. धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून — मला तेवढं दाखवायचं होतं. का नाही दाखवायचं?

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी डबा उलटासुलटा केला.

“वाच व जरा. काय लिखेल शे?”

त्यांची शंका एकच, आत चरबीबिरबी काही नको ते तर नाही ना. मी वाचलं : सगळी वनस्पतीची तेलं आहेत, अक्का. ते खरंच लिहिलेलं होतं. बुडावर तारीखही होती. ती मी वाचली — पण मनात.

तेव्हा घरोघरी ओव्हन कुठले? मैदा, पिठीसाखर, तूप आपापलं घेऊन बायका भट्टीवर जायच्या, तिथेच बसून गोळे वळायच्या, पत्र्यावर मांडायच्या आणि आपला पत्रा आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवून असायच्या. आमची भट्टी बळीरामनानांची. नशिराबादचा माणूस, कामात चोख. भट्टीवाला गिऱ्हाइकाचं तूप बदलतो हा संशय बायकांच्या मनात कायमच असे. नानांच्या बाबतीत मात्र कुणी तो बोलून दाखवला नव्हता.

नानांनी डबा उघडला आणि नाकाशी नेला.

“वहिनी, हाई तूप वास मारी ऱ्हायनं. दुसरं शे का?”

मी काय सांगितलं असेल? म्हटलं, नाना, परदेशी तुपाचा वास असाच असतो, तुम्हाला सवय नाही. चार बायका ऐकत होत्या. त्या हसल्या, नानांना. नानांनी पत्रा पुढे ओढला. त्यांनी भाजून दिली, आणि इतकी सुरेख भाजली की एकीलाही जास्त रंग चढला नाही.

पाहुण्यांनी एकेक तुकडा तोडला आणि बशा खाली ठेवल्या. मुलाचे वडील भले गृहस्थ होते. एवढंच म्हणाले, “तूप जुनं होतं वाटतं.” अक्कांचा चेहरा उतरला. (सुमनचं लग्न तिथेच झालं, हेही लिहून ठेवते. नानकटाईमुळे कुणाचं काही अडलं नाही.)

इथवर सगळं माझं मला मान्य आहे. ह्यापुढचं —

दुसऱ्या दिवशी अक्का मला सोबत घेऊन भट्टीवर गेल्या. दिवाळी तोंडावर, बायकांची ही गर्दी.

“मनी सूनना भाऊनी धाडेल तूप कोठे गयं? सांग!”

नाना माझ्याकडे बघत होते. मग अक्कांना म्हणाले, “बठ्ठं तुमनंच शे, अक्का.” सगळं तुमचंच तूप आहे, एवढंच. वास आला होता, वहिनींना सांगितलं होतं, यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. का नाही काढलं? सुनेचं घरात काय होईल, हे त्यांना कळत होतं म्हणून? मला माहीत नाही. मी पदर सारखा केला आणि गप्प उभी राहिले. त्या चार बायकांपैकी दोघी तिथेच होत्या. त्याही गप्प. पण त्यांना तारीख ठाऊक नव्हती. मला होती.

त्या दिवाळीला आमच्या गल्लीतल्या बायका स्टेशनकडच्या भट्टीवर गेल्या. पुढच्या दिवाळीला नानांची भट्टी पेटलीच नाही. ते नशिराबादला परत गेले असं ऐकलं. नशिराबाद किती लांब? बसने अर्धा तास. मी कधीच गेले नाही.

जाण्याआधी ते एकदा दारात आले होते. अक्का देवळात गेल्या होत्या. माझा डबा त्यांच्याकडेच राहिला होता. इंग्रजी येणाऱ्या कुणालाही त्यांनी तो दाखवला असता तर? त्यांनी तो घासूनपुसून आणला होता. “वहिनी, तुमना डबा,” म्हणाले, माझ्या हातात दिला आणि पायऱ्या उतरले. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

अक्का मरेपर्यंत नानांना तूपचोर म्हणत राहिल्या. वर्षातून एकदा तरी, माझ्यासमोर. मी ऐकत राहिले. सासुरवास होता, भीती होती, वय लहान होतं, असं मी लिहू शकते. लिहिणार नाही. अक्का गेल्यावर भीती कुणाची होती?

डबा अजून आहे. त्यात मी सुया-दोरे ठेवते. फुलाचा रंग उडाला आहे. बुडावरची तारीख चष्म्याशिवाय वाचता येते.