खवट तेलाचा वास

गंजक्या डब्यात तेल ठेवू नये, लवकर खवट होतं, असं आई सांगायची. आज जुना डबा उघडला आणि तोच वास आला.

गेल्या आठवड्यात आमच्या ह्यांच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या दाखवताना डॉक्टर म्हणाले, "रक्तातली चरबीही तेलासारखीच प्राणवायूनं खराब होते, मोकळं लोह त्यात भर घालतं, आणि ती आतल्या भिंतीत साचते." श्वास आणि लोह. दोन्हींवाचून माणूस जगत नाही.

जन्मभर मी डबे हुंगत आले. शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या आत काय चाललंय, ते कळलं नाही.

हे दुपारचे झोपले होते. एरवी त्यांच्या घोरण्यावर चिडणारी मी, आज दाराशी उभी राहून एकेक श्वास ऐकत राहिले.