टिचकी आणि हेल्मेट

अकोल्याच्या एमआयडीसीतले ते प्रकरण निवृत्तीनंतरही मनातून गेलेले नाही. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना बार्शीटाकळीची एक बाई आत आली. एका कारखान्यात ती पोलिसांच्या हेल्मेटना अस्तर लावत असे.

“साहेब, तपासणीले गेलेले हेल्मेट येगळे होते. बाकीचे घेऊन गाडी परवा गडचिरोलीले निघून राहिली.”

“येगळे कायवरून?”

“टिचकी मारा. ते दबके बोलत. हे टणटण बोलतात.”

तपासणी अहवाल मागवला. तो अस्सल निघाला. कारखान्यात जाऊन पंचांसमक्ष हेल्मेटांचे वजन केले, सगळ्यांचे सारखे. मालक हसला. “टिचकीवर गुन्हा दाखल करता काय, साहेब?”

मी माल अडवला. बाईने टिचकी मारून सहा हेल्मेट वाईट म्हणून काढली, नमुन्यांसोबत बनून मागे राहिलेली दोन चांगली म्हणून. आठही सील करून प्रयोगशाळेत नेली.

स्फोटात उडणाऱ्या तुकड्यांची परीक्षा म्हणून तिथे हरभऱ्याएवढा पोलादी तुकडा नळीतून झाडतात. हेल्मेटमागे, डोक्याच्या जागी, पातळ पत्रा असतो. पत्र्याला भोक पडले, तर आतला माणूस गेला असे धरतात. सहाही पत्रे फुटले. दोन कोरे राहिले. बाई एकदाही चुकली नव्हती.

चांगले हेल्मेट कापून दाखवले. बोटांनी फाकवता येतील अशा धाग्यांनी पोलाद धरून ठेवले होते. सेवेत हत्यारे पुष्कळ पाहिली. कशाकडे इतका वेळ पाहत उभा राहिलो नव्हतो.

प्रयोगशाळेचा अहवाल पुढे ठेवताच कारखान्याचा फोरमन चिडला. “नमुना चांगलाच द्या लागते ना! पोरगी दाखवतानी फाटकं लुगडं नेसवता काय?”

“अन् बाकीच्यांत काय घातलं?”

त्याने कबूल केले. कापडाचे थर कमी केले होते. वजन भरावे म्हणून राळ जास्त ओतली होती, त्यामुळेच ती टणटण वाजत.

बाई जबाबावर सही करायला आली, तोवर तिला कामावरून काढले होते. मुद्देमालातल्या कोऱ्या पत्र्यावर तिने हात फिरवला.

“इथं पोट्ट्याचं डोस्कं असते काय?”

“हो.”

“मंग जाऊ द्या काम.”

त्यानंतर कुठल्याही प्रकरणात तपासणीचा नमुना मी माल देणाऱ्याला निवडू दिला नाही. आणि कागद उघडण्याआधी, तो माल रोज कोणाच्या हातून जातो, हे विचारत गेलो.