दाजींचा उघडा माथा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगाव ढमढेरेच्या बाजारात मेथी विकत होतो. "मामा, पप्पा गेले," एवढंच भाचा बोलला. महिना होत आला, पण अजून बाजारात बसावंसं वाटत नाही.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. दौंडला आमच्या ख्रिस्ती मंडळीत ते शास्त्र शिकवायचे. हिब्रू त्यांनी घरी बसून शिकली होती, आणि त्यातल्या एका शब्दावर त्यांचा भारी जीव... पएर. याजक सेवेला उभा राहताना डोक्याला बांधायचा तो. "नुसतं फडकं न्हाई हां, त्या शब्दातच शोभा हाय. आपला फेटाच म्हण की!" असं सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

मग अक्का गेली. दुखवटा काढायला सासरवाडीच्या माणसानं फेटा बांधायचा, ही रीत ख्रिस्ती झालो तरी आमच्यात सुटलेली नाही. पाव्हणे जमले, मी पांढरा फेटा उलगडला आणि दाजींनी माझा हात धरला. "शास्त्रात एका संदेष्ट्याची बायको मेली, तवा देवानं त्याला सांगितलं, रडू नको, पएर बांध. त्यानं बांधला. मला न्हाई जमायचं. फेटा बांधला की लोक म्हंत्यात, झालं, संपलं... माझं न्हाई संपलं."

चारचौघांत माझा हात धरला म्हणून माझं डोकंच फिरलं. न जेवता निघालो. चार दिवसांनी म्हातारा आपणहून एसटीनं माझ्या दारात! म्हणाले, "आरं, दुसऱ्या ठिकाणी तोच शब्द हाय. शोक करणाऱ्यांच्या डोक्यावरची राख काढून देव त्यांना पएर देतो. तिथं हुकूम न्हाई, देणं हाय. ते आलं की तुझ्याच हातनं बांधून घीन."

त्यानंतर दर नाताळला फेटा घेऊन जायचो. "बांधू का, दाजी?" "अजून न्हाई." माणूस वाळत चालला, शिकवणंही सोडलं. मला एकच हाव होती, यांनी एकदा हो म्हणावं... नाही म्हणाले ते.

पेटी बंद करायच्या आधी भाचा म्हणाला, "मामा, आता तरी बांधा." मी वाकलो. थंडगार कपाळाला बोटं लागली आणि हात पुढं जाईना. आता नाही म्हणायला दाजी नव्हते, म्हणून बांधायचा?

"राहू दे," मी म्हणालो, "अक्का बांधील."